आपला कागद आपणच वाचावा

(शिरूर व दौंड तालुक्यांतील बंद्यांसाठी चालणाऱ्या वाचनमंडळाच्या नव्या स्वयंसेवकांपुढे झालेले भाषण. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांसाठी वक्त्यानेच ते लिहून काढले आहे.)



हे भाषण प्रथम झाले ते दौंडला, वीस-पंचवीस तरुण स्त्रीपुरुषांपुढे. निम्मे शिरूरहून आले होते, निम्मे दौंड व आसपासच्या गावांचे होते. तुरुंगातील बंद्यांसाठी चालविलेल्या वाचनमंडळात त्यांना काम करावयाचे होते, आणि ते काम काय आहे हे सांगण्याची जबाबदारी मजवर होती. परंतु भाषण संपल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्यांना हे सांगणे अधिक आवश्यक आहे ते त्या सभेत नव्हतेच. आलेल्यांनी तुरुंगाचा उंबरठा ओलांडण्याचे ठरविले होते. तुमचे अजून ठरावयाचे आहे. म्हणून ह्या पानांवर मी तुमच्याशी बोलत आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. विधी महाविद्यालयातून बाहेर पडल्याला वीस वर्षे झाली. ह्या वीस वर्षांत तुरुंगाशी माझा संबंध नित्याचा राहिला. पण तो जाळीच्या अलीकडून. पक्षकार जाळीच्या पलीकडे, मी अलीकडे. मध्ये पाच-दहा मिनिटे. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा. आणि पुढची तारीख सांगून मी मोकळा. तीन वर्षांपूर्वी मी प्रथमच आत जाऊन बंद्यांबरोबर सतरंजीवर बसलो, आणि तेव्हा मला कळले की, ज्यांची बाजू मी मांडतो म्हणून सांगतो, त्यांतील पुष्कळांना आपली बाजू काय आहे हेच ठाऊक नसते. आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. तुरुंगात पुस्तक नेणे हा दानधर्म नव्हे. ज्याच्याविरुद्ध कागद लिहिला गेला आहे त्याला तो कागद स्वतः वाचता यावा, ह्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

आत कोण आहे?

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. शिरूर घोड नदीच्या काठी, इतके की लोक गावालाच घोडनदी म्हणत आले. दौंड भीमेच्या काठी. आणि घोड पुढे भीमेलाच मिळते. इकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, तिकडे कुरकुंभची. मध्ये उसाचे मळे, साखर कारखाने, गुऱ्हाळे. दौंडला रेल्वेचे जंक्शन. पुणे-सोलापूर मार्गावरून मनमाडकडे जाणारा फाटा तेथेच फुटतो. जेथे कारखाने, गुऱ्हाळे आणि रेल्वे, तेथे परमुलखातला मजूर. आणि जेथे परमुलखातला मजूर, तेथे चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर.

आपल्या राज्यात अनेक तालुक्यांच्या गावी दुय्यम कारागृहे आहेत. लोक त्यांना सबजेल म्हणतात. तहसीलदार हा त्यांचा अधीक्षक असतो. तेथे बहुतेक कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला चालावयाचा आहे, ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही, असे लोक. शिक्षा झाली की माणूस येरवड्यास किंवा दुसऱ्या मोठ्या कारागृहात जातो. कायद्याच्या दृष्टीने कच्चा कैदी निरपराध आहे. गावाच्या दृष्टीने तो चोर आहे. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो काय आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील सर्व तुरुंगांतील माणसांची संख्या ५,७३,२२० दिली आहे. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरांतील जवळजवळ शहात्तर माणसे निकालाविना आत होती. बंद्यांपैकी सुमारे पाव निरक्षर असतात, आणि आणखी सुमारे चाळीस टक्क्यांनी दहावीपूर्वीच शाळा सोडलेली असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येत १६.६ टक्के आहे. तुरुंगात मात्र साधारणपणे दर पाचांत एक माणूस त्यांतला निघतो. अपराधाची प्रवृत्ती कोणत्याही जातीच्या रक्तात नसते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याला वकील परवडत नाही, ज्याला जामीनदार मिळत नाही, ज्याला कागद वाचता येत नाही, तो आत अधिक काळ राहतो. ह्या आकड्यांचा माझ्या दृष्टीने हाच अर्थ आहे.

वाचणारा एक, ऐकणारे बाकीचे

पहिल्या दिवशी मी अण्णा भाऊ साठे ह्यांच्या कथांचे पुस्तक घेऊन गेलो. दीड दिवसाच्या शाळेनंतर ज्याने लेखणी हाती घेतली आणि १९५९ मध्ये 'फकिरा' सारखी कादंबरी दिली, त्याचे नाव ह्या लोकांना जवळचे वाटेल, असा माझा अंदाज होता. चौदा जण बसले होते. त्यांत चांगल्या घरचा, पदवीपर्यंत शिकलेला एक गृहस्थ होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मी वाचतो, हे ऐकतील. ह्यांना कुठे वाचता येतंय?" त्याचा हेतू वाईट नव्हता. तो वाचीत गेला, छान वाचीत गेला. बाकीचे तेरा जण मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून, देवळाच्या पायरीशी बसावे तसे बसून राहिले. गोष्ट संपली. मी विचारले, "कोणाला काही विचारावयाचे आहे काय?" एकही तोंड उघडले नाही.

घरी परत येताना मला माझीच लाज वाटली. वाचणारा एक आणि ऐकणारे बाकीचे ही तर ह्या देशातील सर्वांत जुनी व्यवस्था! अक्षर एका वर्गाच्या मालकीचे, आणि इतरांनी ते कानांनी जेवढे पडेल तेवढे झेलावे. कित्येकांच्या तर कानांवरही बंदी होती. तीच व्यवस्था मी पुस्तकासह तुरुंगात नेऊन मांडली होती. तिला वाचनमंडळ म्हणणे चूक होते. ते प्रवचन होते.

पुढच्या खेपेपासून आम्ही नियम बदलला. कोणीही एका पानाहून अधिक वाचावयाचे नाही. ज्याला एक ओळ वाचता येते त्याने एक ओळ वाचावी. ज्याला अक्षरओळखच नाही त्याने पुस्तक स्वतःच्या हाती धरावे; शेजाऱ्याने सावकाश वाचावे आणि ह्याने ओळीखालून बोट फिरवावे. आणि पान संपल्यावर पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार ह्या बोट फिरविणाऱ्याचा. पन्नाशीच्या एका ऊसतोड कामगाराच्या हाती मी प्रथम पुस्तक दिले, तेव्हा त्याने आधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि मग ते घेतले. हात स्वच्छच होते. त्या दिवशी वाचन अर्ध्याहून कमी झाले, परंतु प्रश्न सात आले.

तो पदवीधर गृहस्थही येत राहिला. एक पान वाचून थांबणे त्याला जड जाई. दुसऱ्याची ओळ अडली की तो पुढचा शब्द सांगून टाकी. पुढे तो गप्प बसावयास शिकला. शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्यानेच जुळवीपर्यंत वाट पाहावयाची, हे त्याचे शिक्षण होते, आणि माझ्या मते ते अक्षरओळखीहून सोपे नाही.

जमीन आणि जामीन

एके दिवशी कोणत्याशा गोष्टीत 'जामीन' हा शब्द आला. ओळीखालून बोट फिरविणारा तेथेच थांबला. मराठवाड्यातून गुऱ्हाळावर कामाला आलेला तिशीतला माणूस. तो म्हणाला, "माझा जामीन झालाय. पण पंधरा हजार कुठनं आणू?"

मी कागद मागितला. घडी झिजून चार तुकडे होण्याच्या बेतात आलेला आदेश त्याने कनवटीतून काढला. त्यात पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार अशी अट होती. म्हणजे रोख रक्कम कोठेही भरावयाची नव्हती. आरोपी तारखेस हजर राहिला नाही तर ती रक्कम वसूल व्हावी, एवढेच बंधन होते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पंधरा हजार रुपये मोजल्याखेरीज दार उघडत नाही, अशा समजुतीने तो माणूस ४७ दिवस आत बसून होता. त्याची बायको गुऱ्हाळाच्या मालकाकडे उचल मागून थकली होती.

पण शब्दाचा अर्थ कळल्याने दार लगेच उघडले असे समजू नका. जामीनदार हवा, जामीनदाराची ऐपत दाखविणारा कागद हवा, आणि आपल्याकडे ऐपतीचा कागद म्हणजे बहुधा सातबारा. त्याच्या साऱ्या भावकीत कोणाच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले आणि हजारो स्त्रीपुरुषांनी त्यांत तुरुंग पत्करला, ते केवळ पोटासाठी होते असे मी पूर्वी समजत असे. त्या दिवशी मला त्याची दुसरी बाजू दिसली. ज्याला जमीन नाही त्याला जामीन नाही. धनवान आरोपीस जो आदेश घरी पाठवितो, तोच आदेश भूमिहीनास कोठडीतच ठेवतो, आणि दोन्ही आदेशांची भाषा एकच असते!

तालुका विधी सेवा समितीमार्फत अर्ज गेला. न्यायालयाने जामीनदाराची अट शिथिल केली आणि तो जातमुचलक्यावर सुटला. तोपर्यंत गुऱ्हाळावरील त्याची जागा गेलेली होती.

त्याचा वकील मी नव्हतो, हे मी स्वतःला त्या रात्री पुष्कळदा सांगून पाहिले. त्याने समाधान झाले नाही. मी माझ्या कपाटातील जुने गठ्ठे काढले आणि एकेक पाहत गेलो. जामिनाचा आदेश झाल्यानंतरही पंधरा दिवसांहून अधिक काळ आत राहिलेले माझेच तीन पक्षकार निघाले. आदेशाचा अर्थ मी त्यांना समजावून दिला होता काय? मला आठवेना. आठवत नाही, ह्याचाच अर्थ दिला नव्हता. एवढी वर्षे मी अंगठे घेत आलो आणि ज्यावर अंगठा घेतला तो कागद वाचून दाखविला नाही. सावकाराच्या वहीवर अंगठा घेणाऱ्यास आपण नावे ठेवतो. वाचकहो, मी काळा कोट घालून तेच करीत होतो. त्या तिघांपैकी दोघांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे जाऊन मी क्षमा मागितली. एकाने चहा पाजला. दुसऱ्याने दार लावून घेतले, आणि तो त्याचा हक्क होता.

कायदा आहे, मग अडते कोठे?

कायदा नाही असे नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ह्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील प्रत्येक माणसास, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. निकालाची प्रत बंद्यास विनामूल्य मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणी सांगितले. जामिनाचा आदेश झाला की त्याची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकामार्फत बंद्यास पोहोचवावी, सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, असे निर्देश त्याच न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, ज्या अपराधास देहान्ताची वा जन्मठेपेची शिक्षा नाही अशा प्रकरणी कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यास जामिनावर सोडावे. पहिलाच अपराध असेल तर एक-तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर सोडावे. आणि तशा अर्जाची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला मात्र ही सवलत नाही.

इतके सारे लिहिलेले आहे. परंतु लिहिलेला हक्क वाचता न येणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो दुसऱ्याच्या दयेने. शिपाई भला असला तर सांगतो, वकील सवडीत असला तर सांगतो, नाही तर कोणीच सांगत नाही. हक्क आणि दया ह्यांतील अंतर एका माणसाच्या अक्षरओळखीएवढे असते. म्हणून आमच्या मंडळात दर बैठकीचा शेवटचा पाव तास गोष्टीचा नसतो, कागदाचा असतो. ज्याला वाटेल त्याने आपला कागद काढावा आणि वाचावा. दोषारोपपत्रातील एकेक शब्द आम्ही फोडून सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतील ६४ वा नियम म्हणतो की, प्रत्येक कारागृहात सर्व वर्गांच्या बंद्यांसाठी ग्रंथालय असावे. मी म्हणतो, त्या ग्रंथालयातील पहिले पुस्तक बंद्याचा स्वतःचा खटला हे असावे.

नोंदवहीतील जात

येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह १८७१ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसाच्या जन्मालाच अपराध ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. दगडी भिंती राहिल्या आणि भिंतींतील समजुतीही राहिल्या. अनेक राज्यांच्या कारागृह-नियमांत झाडू आणि संडास एका जातीकडे, स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे, अशी वाटणी स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके छापील स्वरूपात होती. पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितले. अस्पृश्यता नष्ट करणारे घटनेचे १७ वे कलम १९५० पासून अमलात आहे. तुरुंगाचे दार ओलांडून आत जावयास त्याला चौऱ्याहत्तर वर्षे लागली!

नोंदवहीतून जात गेली तरी सतरंजीवरून ती आपोआप जात नाही. म्हणून आम्ही आत गेल्यावर कोणाची जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही, अपराध तर मुळीच विचारीत नाही. बसण्याची जागा दर वेळी बदलते. मटका एक, पेला एक. एकदा एकाने त्या पेल्याने पाणी पिण्यास नकार दिला. आम्ही काही बोललो नाही. पेलाही दुसरा आणला नाही. तीन बैठका तो तहानेला राहिला. चौथ्या बैठकीस प्याला.

हा वारसा कोणाचा?

तुरुंग आणि पुस्तक म्हटले की आपल्याला थोर राजबंदी आठवतात. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. प्रभाकर संझगिरी ह्या स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. तेव्हा उच्च न्यायालयाने आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल देऊन ते बाहेर जाऊ दिले. ह्या गोष्टी अभिमानाच्या आहेत. परंतु राजबंदी तुरुंगात ग्रंथ लिहीत होता तेव्हा शेजारच्या बराकीतील सामान्य बंदी काय करीत होता? तो दळण दळीत होता आणि अंगठा देत होता. त्याच्यासाठी कोणी ग्रंथ नेला नाही.

त्याच्याकडे पाहण्याची परंपरा आपली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांच्या जोडीने वाचनालये हाही तिचा उद्देश होता. आणि पुस्तकासाठी तुरुंगाची शिक्षा झालेल्या माणसांना सोडविण्याचे काम त्यांनी वकील म्हणून ह्याच पुण्यात केले. 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकाबद्दल जवळकर, जेधे आणि त्यांचे सहकारी ह्यांना शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ते सुटले. पुस्तकामुळे आत गेलेल्यास बाहेर काढणे हे एक काम. आत गेलेल्यापर्यंत पुस्तक नेणे हे दुसरे. दोन्ही एकाच विचाराची कामे आहेत.

"त्यालाही पुस्तक द्यावयाचे काय?"

आता मी सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. दौंडच्या सभेत तो कोणी विचारला नाही. पण त्यापूर्वीच तो आमच्यापुढे उभा राहून गेला होता.

आमच्या मंडळात एक तरुण स्वयंसेविका आहे. तिच्या वडिलांना गावात मारहाण झाली होती. त्याचा खटला अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली चालू आहे. एके दिवशी सतरंजीवर एक नवा बंदी येऊन बसला. त्याच कायद्याखालील दुसऱ्या एका प्रकरणातील तो आरोपी होता. आम्ही कोणाचा अपराध विचारीत नाही, पण त्यानेच तो सांगितला, आणि सांगताना थोडा हसला. आमच्या स्वयंसेविकेने हातातील पुस्तक खाली ठेवले. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "दादा, त्यालाही पुस्तक द्यायचं का?"

मी पीडितांचा वकील आहे. ह्या कायद्याच्या कलम १५ अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडितास ऐकून घेतलेच पाहिजे, ह्यासाठी मी न्यायालयात कितीदा तरी उभा राहिलो आहे आणि पुढेही राहीन. तसल्या आरोपीस जामीन मिळू नये म्हणून मी सोमवारी युक्तिवाद करावा आणि रविवारी त्याच्यापुढे पुस्तक धरावे, ह्यात विसंगती नाही काय?

मी पुष्कळ विचार केला. पुस्तक हे बक्षीस असते तर मी ते त्याला दिले नसते. ते औषध असते तर त्याला गुण येईल की नाही ह्याची मी आधी खात्री मागितली असती. पण मी आरंभापासून म्हणत आलो आहे की तो हक्क आहे. आणि मला आवडणाऱ्यांपुरताच जो चालतो त्याला हक्क म्हणत नाहीत, मर्जी म्हणतात. मर्जीचा अनुभव आपल्याला शेकडो वर्षांचा आहे. आज मी ज्याला दार लावीन, त्याच दाराची कडी उद्या दुसरा कोणी आपल्या माणसावर घालील, आणि तेव्हा मला बोलावयास जागा उरणार नाही.

अंगुलिमालाची कथा तुम्ही ऐकली आहे. बुद्धाने त्याला संघात घेतले, हे आपण सांगतो. पुढचे आपण सांगत नाही. भिक्षू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले. तो रक्तबंबाळ होऊन परतला. आणि बुद्धाने त्याला ते सोसावयास सांगितले. केलेल्या कृत्याची जबाबदारी माफ झाली नाही, आणि माणूसपणही काढून घेतले गेले नाही. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणे कठीण आहे. न्यायालयाने पहिली सांभाळावी. आम्ही दुसरी सांभाळतो.

हे सारे मी आमच्या त्या स्वयंसेविकेस सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती दोन महिने आली नाही. मी तिला निरोप पाठविला नाही. आपल्या दुःखाशी हिशोब करण्याचा तिचा हक्क माझ्या तत्त्वाहून लहान नव्हता. नंतर ती परत आली. तो आरोपी तोवर दुसरीकडे गेला होता. त्याच्यात काही पालट झाला काय, असे मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि त्या अटीवर मी त्याला पुस्तक दिले नव्हते. त्याच्या वाट्याचे पान त्याने वाचले आणि शेजाऱ्याची ओळ संपेपर्यंत थांबला, एवढे मी पाहिले.

काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

आता थोडे कामाचे. अधीक्षकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज आत पाऊल टाकू नका, आणि ती लवकर मिळत नाही म्हणून चिडू नका. मला एके ठिकाणी सात फेऱ्या पडल्या. पुस्तकांची यादी आधी द्या. टाचण्या काढून टाका. लांबलचक कादंबरी नेऊ नका. कच्चा कैदी आज आहे, उद्या नाही, म्हणून एका बैठकीत संपेल अशी गोष्ट हवी. ठळक टाइपाचे पुस्तक न्या, कारण आत चष्मे थोडे असतात. निरोप, पैसा, तंबाखू, काहीही आतबाहेर नेऊ नका. एकाच्या भलेपणापायी सर्वांचे दार बंद होते. जे शिपाई पहाऱ्यावर असतात त्यांनाही बसावयाचे असेल तर बसू द्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, सतरंजीवरून पक्षकार मिळवू नका. मी मंडळातील एकाचेही वकीलपत्र घेत नाही. गरज असेल त्यास विधी सेवा समितीकडे पाठवितो. ज्या दिवशी आपण तेथे धंदा करू, त्या दिवशी पुस्तक हे आमिष होईल.

ज्यांना आत जाता येत नाही त्यांनाही काम आहे. मुलाखतीच्या दिवशी दाराबाहेर डबा घेऊन बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या पिशवीतही कागद असतात. त्यांच्याजवळ बसा, आणि त्या म्हणाल्या तर तो कागद त्यांच्याबरोबर वाचा. त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्याबरोबर.

आणि शेवटची एक मागणी. दर वर्षी १ जानेवारीस भीमेकाठच्या जयस्तंभास मानवंदना देण्यासाठी लाखो लोक येतात, आणि तेथे पुस्तकांची दुकाने लागतात. आपला माणूस अभिवादन करून परत जाताना पुस्तक घेऊन जातो, ही आपली रीत झाली आहे आणि ती मोठी रीत आहे. ह्या वेळी घराकरिता घ्याल त्याच पुस्तकाची दुसरी प्रत घ्या. शिरूर आणि दौंड तेथून दूर नाहीत. त्या प्रतीवर आपले नाव घालू नका. अमुक ह्यांजकडून भेट असेही लिहू नका. ज्याच्या हाती ती जाईल त्याला कोणाचे उपकार वाचावे लागू नयेत. त्याने गोष्ट वाचावी, मग आपला कागद काढावा, ओळीखाली बोट ठेवावे आणि विचारावे, "हे माझ्याविषयी काय लिहिले आहे?"

तो प्रश्न ज्या दिवशी त्याला विचारता येईल, त्या दिवशी आपले तेथील काम संपले असे समजा.

जय भीम!